वेगळं स्कॉटिश किंवा नॉर्स नाव हवंय? आधी ऑर्कनीत शोधा

ताई, अभिनंदन! तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवऱ्याचं वडिलांकडचं घराणं स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचं, सासूबाईंचं माहेर स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरचं आणि तुमचे आईबाबा साताऱ्यात. मुलाला सहसा कुणी ठेवत नाही असं स्कॉटिश किंवा नॉर्स, म्हणजे जुन्या व्हायकिंगांचं, नाव हवंय. यादीत सध्या रॅग्नार, लोकी, हेमिश आणि लाख्लन.

रॅग्नार आणि लोकी आजच खोडून टाका. टीव्हीवरच्या व्हायकिंगांमुळे ती सगळ्यांच्या तोंडी आली आहेत, त्यामुळे 'वेगळं' हा मुद्दाच बाद. शिवाय नॉर्स पुराणांत लोकी म्हणजे बाल्डर या देवाच्या वधाचा कट रचणारा. आपण मुलाचं नाव शकुनी ठेवतो का? हेमिश गोड आहे, पण स्कॉटलंडच्या वर्गात त्याचं कुणाला नवल वाटणार नाही. लाख्लन अर्थाने तुमच्या घराला शोभतं, कारण ते लोख्लनवरून आलं, आणि लोख्लन म्हणजे गेलिक ही स्कॉटलंडची जुनी भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडी नॉर्वेवाल्यांचा मुलूख. अडचण स्पेलिंगची: Lachlan. साताऱ्यात ते कागदावर पाहून कुणीतरी 'लाचलन' वाचणार, आणि मग लाचेवरचे विनोद जन्मभर.

खरा खजिना सासूबाईंच्या माहेरी आहे. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटं काही शतकं नॉर्वेच्या राजसत्तेखाली होती. 1468 आणि 1469 मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने मुलीच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडकडे गहाण टाकली आणि पुढे कधीच सोडवली नाहीत. त्यामुळे तिथे 'स्कॉटिश की नॉर्स' असं निवडावंच लागत नाही.

तिथलं सगळ्यात मोठं नाव मॅग्नस. ऑर्कनीचा अर्ल (म्हणजे तिथला सरदार-शासक) मॅग्नस 1117 च्या सुमारास एगिल्से बेटावर चुलतभावाच्या हुकमावरून मारला गेला आणि पुढे संत ठरला. ऑर्कनीतल्या कर्कवॉल गावचं लाल दगडांचं कॅथीड्रल त्याच्याच नावाचं. 1137 मध्ये ते बांधायला घेतलं त्याच्या भाच्याने, रोग्नवाल्डने. या भाच्याचं मूळ नाव काली! गादीवर हक्क सांगताना त्याने रोग्नवाल्ड हे नाव घेतलं. रॉनल्ड आणि रॅनल्ड त्याच नावातून आले. मॅग्नस उत्तम नाव आहे, पण आता बरंच ऐकू येतं.

म्हणून माझी पहिली पसंती मॅग्नसच्या वडिलांच्या नावाला: एर्लेंड. उच्चार सोपा, साताऱ्यात जीभ अडखळणार नाही आणि बिघडवून चिडवायलाही फारसं काही सापडत नाही. अर्थ 'परदेशी'. तुमचं बाळ नक्की कुठल्या देशात परदेशी, हे त्याचं त्याला ठरवू दे. मॅग्नसचं पूर्ण नाव मॅग्नस एर्लेंडसन, म्हणजे आपल्यासारखं मुलाच्या नावापुढे बापाचं. हे ऐकल्यावर तुमच्या बाबांना ते कदाचित फारसं परकं वाटणार नाही.

स्कायच्या बाजूने टॉर्क्विल आणि टोर्मोड ही तिथल्या मॅक्लाउड घराण्यातली नावं. दोन्हींच्या पोटात थॉर देव लपलेला आहे. टोर्मोडचं इंग्रजीत नॉर्मन करून टाकतात. टॉर्क्विल म्हटलं की इंग्लंडात लोकांना बड्या घरचा लाडावलेला पोरगा आठवतो, तेवढं लक्षात ठेवा. मला त्याहून आवडतं सॉर्ली. ते सोमरलेड या नॉर्स नावाचं रूप, अर्थ 'उन्हाळ्यात स्वारीला निघणारा'. या नावाचा स्कॉटलंडच्या पश्चिम बेटांवरचा सरदार 1164 मध्ये रेन्फ्रू गावाजवळ लढाईत पडला आणि मॅक्डोनल्ड मंडळी स्वतःला त्याचेच वंशज मानतात. कवी सॉर्ली मॅक्लीन तर स्कायला लागून असलेल्या रासे बेटावरचे. एकच भीती, इंग्रजांना ते 'सॉरी'सारखं ऐकू येईल.

नाव पक्कं करण्याआधी आजीच्या तोंडून मोठ्याने म्हणवून घ्या. मर्डो हे हेब्रिडीज या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवरचं जुनं, भारदस्त नाव, पण आपल्या कानाला मुर्दा. नॉर्वेजियन डाग म्हणजे दिवस. आपल्याकडे तो साबणाने घालवायचा. गाइर म्हणजे भाला, पण ऐकू येतं गैर. आरे नावाचा मुलगा तर दिवसभर प्रत्येक 'अरे'ला मागे वळून बघेल. उलटी परीक्षाही घ्या. नॉर्वेत ओड हे चांगलं प्रतिष्ठित नाव आहे, पण इंग्रजीत ते 'ऑड', म्हणजे विचित्र, वाचलं जातं आणि शाळेत पोराचे हाल होतात.

दोन्ही घरांना चालेल असं हवं असेल तर ताविश बघा. स्कॉटलंडमध्ये ते मॅक्टाविश आडनावातून येतं, मूळ थॉमसचं गेलिक रूप. आपल्याकडे संस्कृत तविष आहेच, अर्थ बलवान. नील हाही तसाच दुहेरी. बारा (Barra) नावाच्या बेटावरच्या मॅक्नील घराण्याचं हे नाव नॉर्स लोकांनीही उचललं. आइसलँडच्या सागांमधला, म्हणजे जुन्या वीरकथांमधला, न्याल तो हाच. स्कॉटलंडमध्ये आता नील हे काकालोकांचं नाव झालंय, त्यामुळे बाळाला खुलून दिसेल. पण साताऱ्यात प्रत्येक सोसायटीत एक नील असतो, हेही खरं.

आता व्यवहाराचं. स्कॉटलंडमध्ये जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते. बाराव्या दिवशी बारसं केलंत तरी हातात नऊ दिवस उरतात, म्हणून आत्यांची भांडणं आधीच मिटवा. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड हे सरकारी नोंदखातं दरवर्षी ठेवलेल्या नावांची पूर्ण यादी काढतं, अगदी एकाच बाळाला दिलेलं नावही त्यात असतं. 'वेगळं' किती वेगळं, ते तिथे कळेल. ब्यॉर्नसारखं तिरकी रेघ मारलेल्या ओचं नाव घ्याल तर पासपोर्टच्या खालच्या यंत्रवाचनाच्या ओळीत त्या अक्षराचं 'ओ-ई' होतं, आणि मग तिकिटावर एक, पासपोर्टवर दुसरं. साधी अक्षरं बरी.

आणि सासूबाईंना त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं विचारा. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव द्यायची तिथे जुनी पद्धत होती, त्यामुळे एखादं नाव घरात पिढ्यानपिढ्या फिरलेलं सापडतं. त्यांना आठवत नसेल तर स्कॉटलंड्सपीपल या सरकारी वेबसाइटवर 1855 पासूनच्या जन्मनोंदी आहेत. तिथे एखादा एर्लेंड निघाला तर मला नक्की कळवा.