वाचक विचारतात : गाडीचा बोल्ट बदलताना

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. स्कूटरचे सगळे बोल्ट एका पावसाळ्यात तांबूस होतात. पुढच्या ब्रेक कॅलिपरचे दोन बोल्ट बदलायचे आहेत. हार्डवेअरच्या दुकानात त्याच मापाचे स्टेनलेसचे मिळाले. बसवावेत का?
– वाचक, कळंगुट

उत्तर : कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला, बसवू नका. माप जुळले म्हणजे ताकद जुळली असे नाही. स्टीलच्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. ८.८ मधला पहिला आठ सांगतो की बोल्ट ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटत नाही. दुसरा आठ सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, तो कायमचा लांबायला लागतो. दुकानात मिळणाऱ्या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टवर ए२-७० असे असते. तो तुटतो ७०० ला, पण लांबायला ४५० लाच सुरुवात होते. कॅलिपरचा बोल्ट घट्ट राहतो तो आवळल्यावर त्याच्यात धरलेल्या ताणामुळे. स्टेनलेसला ८.८ इतके आवळले तर तो लांबतो, कमी आवळले तर ब्रेकच्या धक्क्यांनी सैल होतो. तुमच्या जुन्या बोल्टवर १०.९ असेल तर फरक याहून मोठा आहे.

शिवाय कॅलिपर ज्यावर बसतो तो फोर्कचा पाय ॲल्युमिनियमचा असतो. खारी ओल आत शिरली की स्टेनलेसच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजते, आट्यांत पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट असा जाम होतो की काढताना आटेच बाहेर येतात. कॅलिपरसाठी कंपनीचा मूळ बोल्टच घ्या. त्याची लांबी, ग्रेड आणि आट्यांवरचा लॉकिंगचा लेप गाडीला जुळवलेला असतो. बसवण्याआधी भोकातले आटे वायर ब्रशने साफ करा आणि बोल्टचे उघडे डोके महिन्या-दोन महिन्यांनी मेणाच्या स्प्रेने झाका. तो स्प्रे डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नका.

नंबर प्लेट, मडगार्ड, आरशाचा क्लॅम्प, प्लास्टिकचे पॅनेल इथे स्टेनलेस खुशाल वापरा. किनाऱ्यावर ए२ वरही तपकिरी डाग येतात, त्यामुळे चार पैसे जास्त देऊन ए४, म्हणजे गंजाला जास्त दाद न देणारे स्टेनलेस, घेतलेला बरा. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर चिकटून बसतो.

‘मग सरळ १२.९ टाकतो’ असेही काहीजण म्हणतात. काळा १२.९ खाऱ्या हवेत लवकर गंजतो. त्यावर गंज नको म्हणून स्थानिक प्लेटिंग करून घेणे तर धोक्याचेच. ॲसिडच्या धुलाईत आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि आवळलेला बोल्ट काही दिवसांनी उभ्या गाडीतसुद्धा तुटू शकतो. मूळ ग्रेड होता तोच ठेवा.

प्रश्न : पिकअपच्या आल्टरनेटर ब्रॅकेटचा बोल्ट हरवला. दुकानातून ‘दहाचा बोल्ट’ आणला. तीन आटे जाऊन अडला. पाना लावून जोर दिला तर बसेल का?
– वाचक, डिचोली

उत्तर : बसल्यासारखा वाटेल, पण भोकातले आटे कापले जातील. बहुधा पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर, वेगळा आहे. एम १० चा (दांडा १० मिमी जाडीचा) बोल्ट १.५ पिचचाही मिळतो आणि १.२५ चाही. हार्डवेअरच्या दुकानात सहसा १.५ ठेवतात, तर जपानी घडणीच्या गाड्यांत १.२५ फार दिसतो. व्हर्नियर घेऊन दहा आट्यांचे अंतर मोजा: १५ मिमी भरले तर १.५, साडेबारा भरले तर १.२५. व्हर्नियर नसेल तर त्याच ब्रॅकेटचा दुसरा बोल्ट नव्याला आडवा लावून उजेडाकडे धरा. आट्यांत आटे पूर्ण बसले नाहीत तर पिच वेगळा.

‘दहाचा’ म्हणतानाही घोळ होतो. गॅरेजमध्ये दहाचा म्हणजे दहाच्या पान्याचा, म्हणजे एम ६. एम ८ चे डोके १२ किंवा १३ चे असते, एम १० चे १४, १६ किंवा १७ चे. डोक्यावरून बोल्ट ओळखू नका, दांडा मोजा. जुन्या बुलेटवर आणि विलीज जातीच्या जीपवर तर इंची आटे असतात. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे तिथे एम ८ जातोसा वाटतो आणि मग अडतो.

लांबी डोक्याच्या खालून मोजा. भोक आरपार नसेल आणि बोल्ट दोन मिमी जास्त असेल, तर तो तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो पण ब्रॅकेट मात्र सैलच. उलट ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या किमान दीडपट आटे आत जायला हवेत, एम १० ला १५ मिमी. नवा बोल्ट पाना न लावता बोटांनी चार-पाच फेरे गेलाच पाहिजे.

टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचे त्याचा, आकडा मॅन्युअलमधला घ्या. तो नसेल आणि बोल्ट ८.८ चा, आटे पोलादाचे असतील तर एम ६ ला १०, एम ८ ला २५, एम १० ला साधारण ५० न्यूटन मीटर. आट्यांना तेल किंवा अँटी-सीझ लावले असेल तर वीस-पंचवीस टक्के कमी.

प्रश्न : एका गाडीचे चाकाचे नट दुसऱ्या कंपनीच्या गाडीला चालतात का?
– वाचक, फोंडा

उत्तर : सुझुकीच्या गाड्यांचा स्टड (नट बसतो तो आटेदार दांडा) एम १२ × १.२५, ह्युंदाईचा एम १२ × १.५. एकाचा नट दुसऱ्यावर दोन फेरे जाईल, मग स्टड खराब होईल. नटाची बैठकही पाहा, ६० अंशांच्या निमुळत्या भोकाला सपाट वॉशरचा नट चालत नाही. स्टडला तेल लावू नका. आडवे-तिडवे आवळा आणि ५० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासा.

प्रश्न : सायलेन्सरचा नट दरवेळी जाम होतो. नायलॉक लावू का?
– वाचक, वास्को

उत्तर : नको. त्यातले नायलॉनचे कडे १२० अंशांच्या पुढे निकामी होते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी उष्णता त्याहून कितीतरी जास्त असते. तांब्याचा मुलामा असलेला किंवा पूर्ण धातूचा लॉक नट घ्या आणि स्टडला निकेलचे अँटी-सीझ लावा. जुना नट काढताना रात्रभर गंजतेल मुरू द्या. सकाळी घट्ट लागला तर थोडा आवळून मग सोडा, एकदम हिसका दिला की स्टड इंजिनच्या हेडमध्ये तुटतो.