दोन मुलांना घेऊन घराबाहेर पडलेल्या मैत्रिणीला पुन्हा उभं राहायला मदत कशी करावी?

तुमची मैत्रीण मारहाणीला कंटाळून दोन मुलांसह सासर सोडून आली आहे, माहेरी भावजय ठेवून घ्यायला तयार नाही, आणि तुम्ही चार जणी वर्गणी काढून तिला शिलाई मशीन घेऊन देणार आहात, असं तुम्ही लिहिलंय. ते पैसे आत्ता मशीनला घालू नका, खोलीच्या डिपॉझिटसाठी ठेवा. पुण्यात एकल महिलांबरोबर बरीच वर्षं काम करताना मी हेच पाहत आले आहे की राहण्याची सोय नसताना आलेलं मशीन कुणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडतं. आठवडाभराने आपण कुठे असू हेच जिला माहीत नाही, ती गिऱ्हाइकाला ब्लाऊज कोणत्या तारखेला देणार?

आज रात्रीचाच प्रश्न असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये मुलांसह आसरा मिळतो, पण साधारण पाच दिवसांपुरता. त्यापुढे शक्ती सदन, म्हणजे संकटातल्या बायकांसाठीचं सरकारी योजनेतलं निवारागृह, पूर्वीचं स्वाधार गृह. तिथे मुलग्यांसाठी वयाची अट असते, ती आधीच विचारून घ्या. आईपासून थोरल्या मुलाची ताटातूट झालेली मला आजही बघवत नाही.

बाहेर पडलीस म्हणजे घरावरचा हक्क गेला, असं तिला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. सासऱ्याच्या मालकीच्या घरातही हा हक्क मागता येतो, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तिला परत जायचं नसेल तर दुसऱ्या जागेचं भाडं देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी नवऱ्याला देऊ शकतात. अर्ज करायला याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलासाठी न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे वकील फुकट मिळतो आणि उत्पन्नाची अट नसते.

आता खोली. एकटी बाई म्हटली की मालक का-कू करतात, म्हणून तुमच्यापैकी एकीने बरोबर जावं, हमी द्यावी. भाडेकरार मात्र तिच्याच नावाने व्हायला हवा आणि त्याची नोंदणी व्हायलाच हवी. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे आणि ती करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. मी या कागदाला इतकं महत्त्व देते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं. आधारवरचा पत्ता बदलतो, शाळेत पत्ता देता येतो, सासरच्या रेशनकार्डातून नाव कमी करून स्वतःचं कार्ड मागता येतं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे त्या कार्डावर कुटुंबप्रमुख तीच असेल.

मग तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज: महिना 1500 रुपये, पण वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अवघी 21,000. माझ्या मते त्याहून मोलाची आहे एकल पालकांच्या मुलांनाही मिळणारी बालसंगोपन योजना. एका मुलामागे दरमहा 2250 रुपये, म्हणजे दोघांचे 4500. लहान गावात तेवढ्यात खोलीचं भाडं निघतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. पैसे यायला मात्र वेळ लागतो, म्हणून पहिले सहा महिने हे पैसे हिशेबात धरू नका. भाड्याला तुमची वर्गणी लावा.

कामाचं बोलणं मुलांना कोण सांभाळणार हे ठरल्यावर. धाकट्याला अंगणवाडी किंवा पाळणाघर मिळालं की तिला ठरलेल्या वेळेचं, ठरलेल्या पगाराचं काम बघा: डब्यांच्या पोळ्या, रुग्णसेवा, शाळेतलं मदतनीसाचं काम. शिवणकाम त्यानंतर, तिला स्वतःला आवडत असेल तर. पहिल्या वर्षी कर्ज नको. दारात येऊन आठवड्याच्या हप्त्याने पैसे देणाऱ्यांना तर अजिबात थारा देऊ नका. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ द्या, आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर भावाचा नको, तिचाच हवा.

तिचा जिल्हा आणि मुलांची वयं खाली लिहा. थोरला मुलगा असेल तर शक्ती सदनाचं आधी बघावं लागेल.