वाचकांचे प्रश्न : लोको पायलटची परीक्षा आणि परवाना

प्रश्न : मुलगा सहायक लोको पायलट भरतीचा दुसरा टप्पा पास झाला. आता अ‍ॅप्टिट्यूड टेस्टच्या प्रत्येक भागात ४२ हवेत म्हणे. शंभरातले ४२ म्हणजे सोपंच ना?
— एक पालक, मानेवाडा

उत्तर : ते शंभरातले नाहीत. मुलं गाफील राहतात ती इथेच. हा टी-स्कोअर आहे. त्यात सरासरी कामगिरीला ५० धरतात आणि एका प्रमाण विचलनाला (गुण सरासरीपासून किती पसरलेत, त्याचं माप) १०. समजा, एका भागात सरासरी २० उत्तरं बरोबर येतात आणि प्रमाण विचलन ५ आहे. मग ४२ साठी १६ बरोबर लागतील. सरासरी २५ झाली, की त्याच ४२ साठी २१.

चाचणीची पद्धत लखनौच्या आरडीएसओची, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेची. भाग पाच : स्मरण, सूचनांचं पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि पाहून ओळखण्याचा वेग. खोलीच्या भागात विटांची रास दाखवतात. अमुक विटेला किती विटा टेकल्या आहेत, ते सांगायचं. मागे दडलेली वीट मोजायची राहते आणि उत्तर चुकतं. चार भागांत ६० आणि पाचव्यात ४१ मिळाले, तरी मुलगा बाद. या अटीत कोणत्याही प्रवर्गाला सूट नाही. उणे गुण मात्र नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्न फक्त हिंदी-इंग्रजीत असतात. मराठी माध्यमाच्या मुलाने सूचना वाचण्याचा सराव आधीच करावा. अंतिम यादीत या चाचणीचा वाटा ३० टक्के, उरलेले ७० दुसऱ्या टप्प्याच्या भाग ‘अ’चे.

प्रश्न : सौम्य चष्मा आहे. लेसर करून घेतलं तर चालेल का?
— एक उमेदवार, इतवारी

उत्तर : नाही. या पदाला ए-१ वैद्यकीय श्रेणी लागते आणि लॅसिक किंवा तशी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार त्यात बसत नाही. चष्म्याविना दोन्ही डोळ्यांना ६/६ दिसायला हवं. वर फॉगिंग टेस्ट असते : डोळ्यासमोर +२ ची काच धरतात. तीतूनही तक्त्याची ओळ स्वच्छ वाचता आली, तर लपलेला प्लस नंबर आहे असं समजून नापास करतात. रंग, रात्रीची दृष्टी, दृष्टिक्षेत्र हे वेगळं तपासतात. हे सगळं अर्ज भरण्याआधीच नेत्रतज्ज्ञाकडून पाहून घ्या. नोकरीत असताना चष्मा लागला तर गोष्ट निराळी. तेव्हा कामावर दोन चष्मे जवळ ठेवावे लागतात.

प्रश्न : आरटीओसारखं लायसन्स रेल्वेत कोण देतं?
— एक वाचक, अजनी

उत्तर : तसं एकच कार्ड नाही. युरोपात युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशानुसार दोन कागद असतात : चालकाचा स्वतःचा परवाना, दहा वर्षांचा, आणि मार्ग व इंजिनापुरतं कंपनीचं प्रमाणपत्र. आपल्याकडे रेल्वेच सक्षमता प्रमाणपत्रं देते आणि प्रत्येकाची मुदत वेगळी चालते.

वैद्यकीय तपासणी वयाच्या ४५ पर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. इंजिनाचं प्रशिक्षण प्रकारानुसार; नागपूरच्या अजनीत देखभाल होणाऱ्या, मालगाडीच्या १२,००० अश्वशक्तीच्या वॅग-१२ विद्युत इंजिनासाठी आधीच्या इंजिनाचा कागद पुरत नाही. आणि मार्ग शिकावा लागतो, त्याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात : साधारणपणे तीन फेऱ्या, त्यातली एक रात्रीची, मगच मार्ग माहीत असल्याची चालकाची सही. नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्याला आणि इटारसीकडे जाणाऱ्याला एकच नियमपुस्तक, पण इटारसीच्या वाटेवरच्या मरामझिरी-धाराखोह घाटात मालगाडी उतरवताना ब्रेक कुठून धरायचा, हे त्या मार्गावर फेऱ्या मारल्याशिवाय कळत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ त्या मार्गावर गाडी नेली नसेल, तर पुन्हा फेरी.

सर्वांत कमी मुदतीची तपासणी लॉबीतच, म्हणजे चालक ड्युटीवर हजेरी लावतात तिथेच, होते : दर ड्युटीला ब्रेथ अ‍ॅनालायझर. त्यात अडकला, तर बाकी सगळे कागद पक्के असूनही त्या दिवशी गाडी मिळत नाही.