संच 40 टक्क्यांवर आणताना बॉयलर कुठे अडतो?

प्रश्न: दुपारी सौर वीज वाढली की आमच्याकडचे 500 मेगावॉटचे कोळशावरचे वीजसंच कमी भारावर आणतात. पूर्ण क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंत उतरायला नवा बॉयलर लागेल का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: नाही. पण आहे त्याच बॉयलरवर बरीच मेहनत घ्यावी लागेल. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांत किमान भार 40 टक्के धरला आहे. भार बदलण्याचा वेग 70 ते 100 टक्क्यांत मिनिटाला किमान 3, 55 ते 70 मध्ये 2 आणि त्याखाली 1 टक्का हवा. म्हणजे संध्याकाळी ऊन उतरले की 200 वरून 500 मेगावॉट साधारण 33 मिनिटांत गाठायचे.

आधी अडते ती आग. मिलमधून, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीतून, भुकटी घेऊन भट्टीकडे जाणारी हवा ठरावीक मर्यादेखाली आणता येत नाही, नाहीतर कोळशाची भुकटी पाइपात बसते. मग कोळसा कमी, हवा तेवढीच. त्यात आपला कोळसा राखेचा. ज्योत डळमळते. म्हणून पाच मिल अर्ध्यामुर्ध्या चालवण्यापेक्षा लगतच्या तीनच मिल भरून चालवाव्यात. प्रत्येक पाइपातला कोळसा मोजून सारखा करावा आणि ज्योत आहे की नाही हे पाहणारे फ्लेम स्कॅनर स्वच्छ ठेवावेत. आग पेटलेली असतानाही काजळलेल्या स्कॅनरपायी बॉयलर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. तीनपैकी एक मिल बंद पडली तर सावरायला ऑइल गन, म्हणजे तेल फवारून ज्योत टिकवणाऱ्या नळ्या, तयार हव्यातच.

खरे नुकसान मात्र दिसत नाही, ते जाड धातूत होते. ड्रम (पाणी आणि वाफ वेगळी करणारी टाकी) आणि सुपरहीटरचे, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या भागाचे, हेडर (अनेक ट्यूब जोडलेले जाड पाइप) आतून लवकर तापतात, बाहेरून उशिरा. रोजच्या या ताणाने हेडरला ट्यूब जोडलेल्या भोकांच्या कडेला बारीक तडे जातात. भार वाढवताना वाफ जास्त तापली म्हणून ती थंड करायला वाफेत स्प्रेचे पाणी भसाभस सोडणे हा त्यातला सर्वांत वाईट उपाय. तापमान चढण्याआधीच थोडे थोडे पाणी सोडणारे नियंत्रण बसवले, तर दिलेला पैसा वसूल होतो. दुरुस्तीच्या बंदमध्ये हेडरमध्ये बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहावे.

कमी भारावर धूरही थंड होतो आणि एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने हवा तापवणाऱ्या यंत्राच्या) थंड टोकाला आम्ल साचून पत्रे खाते. त्यासाठी आत येणारी हवा वाफेच्या कॉइलवर आधी तापवून घ्यावी.

प्रश्न: मग दुपारी संच बंदच का करू नये?

उत्तर: पुन्हा पेटवायला तेल लागते, आणि एकदा बंद करून चालू करण्यात धातूला बसणारा ताण 40 टक्क्यांवर उतरून परत चढण्यापेक्षा बराच जास्त असतो. शिवाय संध्याकाळच्या मागणीआधी संच पूर्ण भारावर येईलच, याची खात्री नसते.