सेमिस्टर परदेशात केलं तर वर्ष वाया जाईल का?

एक्स्चेंजसाठी निवड झालेली बरीच मुलं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, युरोपातल्या विद्यापीठात एक सेमिस्टर. होकार कळवायची मुदत जवळ आलेली, आणि घरी एकच धोशा: डिग्री लांबली तर? ती व्हिसा, वसतिगृह, खर्च याबद्दल भरभरून बोलली. "तिथे विषय कोणते घेणार आहेस?" या प्रश्नाला मात्र अडखळली.

माझ्या मते मेख इथेच असते. वर्ष वाया जातं ते बहुतेकदा विषय आधी लेखी मान्य करून न घेतल्यामुळे. युरोपात 1987 साली सुरू झालेल्या इरॅस्मस या विद्यार्थी-एक्स्चेंज योजनेत यासाठी 'लर्निंग ॲग्रीमेंट', म्हणजे तिथे घ्यायच्या विषयांचा लेखी करार असतो. त्यावर विद्यार्थी, त्याची संस्था आणि यजमान संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. तिकडे वर्षाला 60 क्रेडिट (अभ्यास मोजायचं एकक), आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास धरतात, स्वतः केलेला अभ्यासही त्यातच. म्हणून नुसते क्रेडिटचे आकडे जुळवू नका, तास आणि अभ्यासक्रम ताडून पाहा.

आम्ही दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोर ठेवले. बहुतेक विषय जुळले, एका प्रॅक्टिकलच्या विषयाला तिकडे जोडच नव्हती. तो शेवटच्या वर्षात करायची परवानगी तिने विभागप्रमुखांकडून लेखी घेतली. ग्रेड सरासरीत धरणार की फक्त 'पास' नोंदवणार, हेही विचारून घेतलं.

कागद पूर्ण झाले, तरी ती पुन्हा माझ्याकडे आली. "मॅडम, इथे सगळे मुलाखतींची तयारी करतील आणि मी मागे पडेन." मनातली ही भीती तिने तेव्हा पहिल्यांदा बोलून दाखवली. ही भीती खोटी नसते, त्यामुळे मी तिची नुसती समजूत घातली नाही. मुलाखती केव्हा, कोणत्या ऑनलाइन देता येतील, हे तिला चौकशी करून यायला सांगितलं. आल्यावर विचारलं, "नाही गेलीस, तर हे सेमिस्टर कसं जाईल?" "रोज तिकडचाच विचार करण्यात," ती म्हणाली. होकार तिने त्याच दिवशी कळवला.

तिथे पोचल्यावर दोन विषयांच्या वेळा एकमेकांवर आल्या. असं सर्रास होतं. बदल तिने दोन्ही संस्थांकडून लेखी मंजूर करून घेतला, त्यामुळे परतल्यावर क्रेडिट धरले गेले. डिग्री वेळेत झाली, पण राहिलेल्या प्रॅक्टिकलमुळे शेवटचं सेमिस्टर तिला बरंच जड गेलं.