वाचकांचे प्रश्न : दहावीचे वर्ष संपताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि चिकोडी भागांतून गेल्या महिन्याभरात आलेली बहुतेक पत्रे दहावी आणि नववीच्या पालकांची आहेत. त्यांतील काळज्या एकमेकींशी इतक्या जुळतात की सारखे प्रश्न एकत्र करून या अंकाची सर्व जागा त्यांनाच दिली आहे. पत्रे मुलांविषयीची असल्याने पालकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. शाळेने सहीसाठी पाठवलेल्या यादीत तिच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आहे, आधार कार्डावर दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे. शेजारी म्हणतात, मार्क्स कार्ड हातात आल्यावर दुरुस्ती करून घेता येते. तोपर्यंत थांबले तर चालेल का? (एक पालक, खानापूर तालुका)

उत्तर : कृपया थांबू नका. कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यमापन मंडळाकडे जाणारी माहिती विद्यार्थ्याच्या एसएटीएस (राज्याची ऑनलाइन विद्यार्थी-माहिती प्रणाली) नोंदीवरून तयार होते. त्या नोंदीत जे अक्षर असेल तेच हॉल तिकिटावर येते आणि तेच गुणपत्रिकेवर छापले जाते. छापील गुणपत्रिकेतील चूक दुरुस्त होत नाही असे नाही, परंतु त्यासाठी शाळेमार्फत मंडळाकडे अर्ज, मूळ पुरावे आणि शुल्क असा सारा व्याप करावा लागतो, आणि तो पुरा होईपर्यंत पीयूसीचे, म्हणजे अकरावीचे, प्रवेश उरकलेले असतात. आज जी दुरुस्ती मुख्याध्यापकांच्या टेबलापाशी होऊ शकते, तिच्यासाठी उद्या बेंगळुरूशी पत्रव्यवहार करावा लागेल.

ही अडचण आपल्या भागात इतकी का आढळते, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मुलांची नावे घरी मराठीत उच्चारली जातात, सरकारी दप्तरात कन्नड लिपीत लिहिली जातात आणि तेथून इंग्रजीत उतरतात. ज्ञानेश्वर हे नाव मराठी वळणाने इंग्रजीत लिहिताना ‘डी’पासून सुरू होते. तेच कन्नडमधून आले तर ‘जे’ किंवा ‘जी’पासून सुरू होते. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा अकार पूर्ण उच्चारला जात असल्याने सागर या नावाच्या शेवटी इंग्रजीत एक जादा ‘ए’ लागतो आणि मुलगा कागदावर ‘सागरा’ होतो. कांबळे या आडनावात मधला ‘ए’ कधी असतो, कधी नसतो. यांतले कोणतेच रूप चुकीचे नाही, मात्र संगणकाला ही तीन वेगवेगळी माणसे वाटतात. मी मुख्याध्यापक असताना एका विद्यार्थ्याच्या तीन कागदांवर त्याच्या नावाची तीन रूपे होती, आणि विद्यार्थिवेतनाचा अर्ज केवळ त्या कारणाने परत आला तेव्हा त्याच्या वडिलांनी मजुरीचे चार दिवस बुडवून कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या. दोष त्यांचा नव्हता, पण त्रास त्यांनाच झाला.

यावर उपाय असा की कोणता कागद मूळ धरायचा ते आधी ठरवावे. माझ्या मते जन्मदाखला आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांतील नाव मूळ मानावे आणि आधार कार्ड त्याप्रमाणे करून घ्यावे. आधारसाठी शाळेची नोंद बदलू नये. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद आधार केंद्रावर नव्याने द्यावी लागते आणि सतरा वर्षांपर्यंत ती विनाशुल्क होते, म्हणून त्याच खेपेला नावाचाही प्रश्न मिटवता येईल. आई आणि वडील दोघांची नावे तशीच ताडून पाहावीत. आईचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, असे फार वेळा घडते. जन्मतारखेतला फरक मात्र नावापेक्षा अधिक गंभीर आहे. तो दिसल्यास त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. मुलाचे शिक्षण पहिलीपासून मराठीत झाले आहे. दहावीनंतर त्याला अकरावीसाठी कोल्हापूरला पाठवावे असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत आहे. परंतु एकदा महाराष्ट्रात गेला तर पुढे इंजिनिअरिंगला कर्नाटकची दारे बंद होतात, असेही कोणी सांगतात. नक्की काय खरे? (एक पालक, निपाणी)

उत्तर : दारे बंद होतात हे खरे नाही, पण ती आपोआप उघडी राहतात असेही नाही.

प्रथम कर्नाटकची बाजू पाहू. कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या सीईटीसाठी (व्यावसायिक अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा) जो मुख्य नियम आहे, त्यानुसार इयत्ता पहिली ते दुसरी पीयूसी (बारावी) या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत शिकलेले असावे लागते आणि एसएसएलसी (दहावी) किंवा दुसरी पीयूसी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण झालेली असावी लागते. आपला मुलगा दहाही वर्षे येथेच शिकला असल्यास अकरावी-बारावी कोल्हापुरात केली तरी हा नियम तो पूर्ण करतो. प्रश्न फक्त पुराव्याचा उरतो. सात वर्षांचा अभ्यास दाखला विहित नमुन्यात मुख्याध्यापकांच्या सहीने आणि क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीने घ्यावा, आणि एसएटीएस क्रमांक लिहून ठेवावा. पहिली ते दहावीची सर्व वर्षे ग्रामीण भागातील शाळेत झाली असतील तर १५ टक्के ग्रामीण आरक्षणासाठीचा दाखलाही त्याच वेळी मागावा. तो निपाणी शहरातील शाळांना लागू होणार नाही, पण आसपासच्या खेड्यांतील मुलांना होईल आणि शाळेचे माध्यम मराठी आहे म्हणून तो नाकारता येत नाही. कन्नड माध्यमासाठीचे ५ टक्के आरक्षण वेगळे आहे. ते आपल्या मुलांना मिळत नाही. प्राथमिक शाळा एक आणि हायस्कूल दुसरे असेल तर दोन्हीकडून दाखले घ्यावे लागतात, आणि ही गोष्ट पालकांच्या लक्षात बहुधा दोन वर्षांनी, ऐन सीईटीच्या धावपळीत येते.

आता महाराष्ट्राची बाजू. तेथे व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याचा उमेदवार ठरण्याचा नेहमीचा मार्ग दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याचा आहे. आपल्या मुलाची दहावी कर्नाटकची असल्याने तो मार्ग त्याला मोकळा नाही. मात्र महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ सीमावासीय गावांतील, मातृभाषा मराठी असलेल्या आणि सीमाभागातील संस्थेतून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या नियमांत स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी गाव वादग्रस्त सीमाभागातील असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले विहित नमुन्यात लागतात. शाळेच्या दाखल्यावर ‘मातृभाषा : मराठी’ ही नोंद आहे की नाही, हे म्हणूनच आज पाहावे. ती नोंद रिकामी सोडलेली किंवा भलतीच असलेली मी पाहिली आहे.

अकरावीच्या प्रवेशाबद्दलही सावध राहावे. २०२५-२६ पासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात, म्हणजे ओळखीच्या महाविद्यालयात जाऊन फॉर्म भरण्याचा जुना रिवाज राहिलेला नाही. दुसऱ्या राज्याच्या मंडळाचा विद्यार्थी म्हणून टीसीबरोबर (शाळा सोडल्याचा दाखला) मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे मंडळ बदलाचा दाखला, लागेल. तेथील वर्ग आपल्या पीयूसीपेक्षा उशिरा सुरू होतात, आणि त्या प्रतीक्षेत येथील जागा हातची जाऊ शकते. एक गोष्ट तर प्रत्येक पालकाने करावीच : मूळ टीसी आणि गुणपत्रिका कोणत्याही महाविद्यालयात जमा करण्यापूर्वी त्यांच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात.

राहिला प्रश्न पाठवावे की न पाठवावे हा. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञान शाखाही बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच शिकवली जाते, तेव्हा केवळ ‘मराठीत शिकेल’ या आशेने पाठवत असाल तर ती आशा विज्ञान शाखेपुरती फोल आहे. मराठी हा भाषा विषय पीयूसीलाही घेता येतो. जवळच्या महाविद्यालयात तो शिकवला जातो का, एवढे विचारून घ्यावे. सोळा वर्षांच्या मुलाला घरापासून दूर ठेवण्याइतके सबळ कारण असेल तरच पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माध्यम बदलण्याची भीती वाटत असेल तर एप्रिल आणि मे हे दोन महिने फार मोलाचे आहेत. दहावीचेच विज्ञान आणि गणित इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकातून पुन्हा वाचावे. अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, प्रकाशसंश्लेषण म्हणजे फोटोसिंथेसिस, अंकगणिती श्रेढी म्हणजे अरिथमेटिक प्रोग्रेशन, अशी जोडी वहीत लिहीत गेल्यास जूनमधला वर्ग परका वाटत नाही, कारण विषय तर त्याला येतच असतो.

प्रश्न : मुलीला गणिताची फार धास्ती आहे. एका विषयात गेली तर तिचे वर्ष वाया जाईल का? (एक आई, येळ्ळूर)

उत्तर : नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून एसएसएलसीच्या वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात आणि ज्या परीक्षेतील गुण चांगले ते धरले जातात. उत्तीर्ण झालेल्या मुलांनाही गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येते. परंतु मध्ये मिळणारा वेळ थोडा असतो. २०२५ मध्ये पहिल्या परीक्षेचा निकाल २ मे रोजी लागला आणि दुसरी परीक्षा २६ मे रोजी सुरू झाली. म्हणून निकालाच्या आठवड्यात मुलीला घेऊन गावाला जाऊ नये. उत्तरपत्रिकेची प्रत मागवायची असल्यास मागवावी, पण फेरतपासणीच्या भरवशावर न राहता दुसऱ्या परीक्षेची नोंदणीही शाळेत त्याच दिवशी करावी.

तिला हेही सांगावे की पहिली भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे पाच विषय प्रत्येकी १०० गुणांचे असतात, आणि त्या शंभरांपैकी २० गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, म्हणजे ती शून्यापासून सुरुवात करत नाही. प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी मिळणारी १५ मिनिटे तिने खरोखर वाचण्यातच घालवावीत आणि सोप्या वाटणाऱ्या प्रश्नांवर नजरेनेच खूण करून ठेवावी. आणखी एक विनंती तुम्हाला, आणि तुमच्यासारख्या सर्वच घरांना : परीक्षेच्या दिवसांत गावची यात्रा आली तर पाहुण्यांचा मान राखावाच, पण मुलीला स्वयंपाकघरातून मोकळी ठेवावी आणि झोपण्यासाठी शांत खोली मिळेल असे पाहावे. यात्रेच्या घरात मुलगा अभ्यासाला मित्राकडे जातो आणि मुलगी भाकऱ्या थापते, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे आणि ते मला कधीच पटले नाही.

प्रश्न : मुलगा नववीतून दहावीत जाईल. बाकी विषय बरे आहेत, कन्नडमध्ये मात्र काठावर पास होतो. शिकवणी लावावी का? (एक पालक, उचगाव)

उत्तर : शिकवणीपूर्वी त्याची उत्तरपत्रिका पाहावी. मराठी मुलांचे कन्नडमधील गुण बहुधा ठरावीक दोन-तीन ठिकाणी जातात. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत. मराठीत तसा भेद नसल्याने मुलाला तो ऐकूही येत नाही, मग लिहिताना कसा येणार? दुसरे म्हणजे जोडाक्षर. आपण बहुधा अर्धे अक्षर आधी लिहून पुढचे त्याला जोडतो, कन्नडमध्ये पहिले अक्षर पूर्ण लिहून दुसरे त्याच्या पायाशी देतात. या दोन गोष्टी सुट्टीत रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि एक परिच्छेद शुद्धलेखन केल्याने सुधारतात. बसवरच्या पाट्या, दुकानांचे फलक, रेशनच्या पावत्या हे सारे वाचनच आहे. कन्नड चांगले आल्याने त्याची मराठी उणी होणार नाही. उलट आपल्या मातृभाषेचा हक्क कार्यालयात मागताना समोरचा कागद त्याला स्वतःला वाचता येईल.

प्रश्न : पीयूसीच्या विद्यार्थिवेतनासाठी उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला कधी काढावा? (एक पालक, हुक्केरी तालुका)

उत्तर : निकालाची वाट न पाहता आताच. जूनमध्ये नाडकचेरीत (हे दाखले देणारे महसूल खात्याचे स्थानिक कार्यालय) गर्दी उसळते. दाखल्यावरील ‘आरडी’ने सुरू होणारा क्रमांक राज्याच्या विद्यार्थिवेतन पोर्टलवर भरावा लागतो, तेव्हा तो क्रमांक स्पष्ट दिसेल अशी प्रत जपावी. कर्नाटकातील प्रवर्गाचा दाखला महाराष्ट्रात तसाच चालत नाही, हे कोल्हापूर किंवा गडहिंग्लजचा विचार करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बँक खाते मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारशी जोडलेले असावे. खाते आहे पण जोडणी नाही, या एका कारणाने मंजूर झालेली रक्कमही अडकून पडते, आणि ती जोडणी झाली की नाही हे बँकेच्या शाखेत पाच मिनिटांत कळते.