विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला हे मी विकिपीडियावर दुव्यासकट लिहिलं, तरी ते का काढलं?

तुम्ही विजयदुर्गचे. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला’ असं वाक्य मराठी विकिपीडियावर टाकलंत, खाली वर्तमानपत्राचा दुवा दिलात आणि दुसऱ्या दिवशी बघता तर वाक्य गायब. आमच्या गावाबद्दल आम्हाला शिकवणारे हे कोण, त्यांना अधिकार दिला कुणी, असं तुम्ही विचारताय.

अधिकार कुणी दिलेला नाही. तुम्हाला आहे तेवढाच त्यांनाही आहे. मी देवगडचा, दुकान बंद झाल्यावर रात्री तासभर तिथं संपादनं करतो. दमडी मिळत नाही, शिव्या मात्र मिळतात. प्रचालक म्हणून जे असतात त्यांना पान वगळता येतं, कुलूप लावता येतं, पण कुठलं वाक्य खरं हे ठरवायला त्यांच्याकडेही संदर्भच लागतो. तुमचा बदल मी काढलेला नाही. नजरेस पडला असता तर काढला असता, हे आधीच सांगून टाकतो.

कारण ते ग्रहण खरं आहे, तारीख खरी आहे, लॉकयर हा इंग्रज शास्त्रज्ञही खरा आहे, फक्त त्या दिवशी तो विजयदुर्गावर नव्हता. १८६८ च्या ग्रहणाची खग्रास पट्टी कोकणातून पूर्वेला मछलीपट्टणकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. सूर्याचा प्रकाश फोडला की जी रंगपट्टी, म्हणजे वर्णपट, दिसते, त्यातली एक पिवळी रेघ त्या ग्रहणात दिसली. हेलियमची म्हणतात ती हीच. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होता. त्याचा वर्णपटदर्शक हाती पडला ऑक्टोबरात, आणि २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहणबिहण काही नसताना त्याने तिकडूनच ती रेघ पाहिली. ती सोडियमच्या रेघांशी जुळेना, म्हणून हे काहीतरी नवीन मूलद्रव्य असावं असा तर्क पुढे आला. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेला.

मग साहेबाने दुर्बीण लावायला बांधले असं सांगतात, ते किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ आले कुठून? इथे खरी गंमत आहे. लॉकयर विजयदुर्गावर आला होता! २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते आणि ‘विजयदुर्ग येथील निरीक्षणे’ अशा मथळ्याखाली त्याचा सविस्तर अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. (त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते, पण त्यांची आठवण कुणी काढत नाही. आपल्याला साहेबच लागतो.) म्हणजे माणूस आला, किल्ल्यावर उपकरणं लागली, हे सगळं खरं. पण तोवर हेलियम प्रयोगशाळेत सापडून तीन वर्षं होत आली होती. दोन ग्रहणं, मधे तीस वर्षं, आणि सांगता सांगता त्यांचं एक झालं. यात कुणी थापा मारल्या असं मला वाटत नाही. गजाली अशाच वाढतात.

आता तुमच्या दुव्याकडे येतो. ‘पेपरात आलंय’ हा चर्चा पानावर (लेखाबद्दल वाद घालायला लेखाला जोडलेलं पान असतं ते) सगळ्यात जास्त वेळा दिला जाणारा पुरावा आहे आणि त्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. संदर्भ चांगला की वाईट हे नुसतं बघून ठरत नाही, तो कुठल्या वाक्याखाली लावलाय त्यावर ठरतं. ‘१८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो’ या वाक्याला तीच बातमी उत्तम संदर्भ आहे. बातमीदार तिथं गेला, त्याने पाहिलं, लिहिलं. पण १८६८ साली कुणी काय शोधलं हे त्या बातमीदाराने कुणाकडून घेतलं? गेल्या वर्षीच्या बातमीतून. आणि तिने? कित्येकदा विकिपीडियावरूनच. उद्या तुमचं वाक्य तिथं राहिलं असतं, तर पुढच्या ऑगस्टात पेपरवाल्याने ते उचललं असतं आणि मग त्या पेपरचा दुवा देऊन कुणीतरी तुमचं वाक्य ‘सिद्ध’ केलं असतं. म्हणून आमच्यातले जुने लोक अशा वेळी दहा बातम्या मोजत बसत नाहीत, सगळ्यात जुना कागद कुठला ते शोधतात.

तरीही तुमचं वाक्य काढणाऱ्या त्या विकिपीडिया संपादकाची एक गोष्ट मला पटली नाही. नुसतं उडवण्यापेक्षा ‘संदर्भ हवा’ चा साचा, म्हणजे वाक्यापुढे लावायची तयार खूण, लावून चर्चा पानावर दोन ओळी लिहायला हव्या होत्या. नवा माणूस असा एकदा दुखावला की परत फिरकत नाही, आणि कोकणावर लिहिणारे आहेतच किती!

गावची समजूत लिहायचीच नाही असं मात्र नाही. आचरा, चिंदर, वायंगणीची गावपळण घ्या. गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो हे बातम्यांतून, छायाचित्रांतून दाखवता येतं. ती का सुरू झाली याची कथा ‘गावकऱ्यांच्या समजुतीनुसार’ म्हणून द्यायची, तीही कुणी नोंदवून छापलेली असेल तर. माझ्या आजीने सांगितलं, हा संदर्भ चालत नाही. आजी खोटं बोलते म्हणून नव्हे, वाचणाऱ्याला तिच्याकडे जाऊन विचारता येत नाही म्हणून.

तेव्हा तुमचं वाक्य परत जसंच्या तसं टाकू नका, उलटवाउलटवीत दोघांचीही रात्र जाते. चर्चा पानावर जा, १८९८ चा अहवाल पुढे ठेवा आणि असं काहीतरी सुचवा: ‘१८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण लॉकयर यांनी विजयदुर्ग येथून केले. हेलियमचा शोध याच किल्ल्यावर लागला अशी स्थानिक समजूत असून १८ ऑगस्टला येथे हेलियम दिवस साजरा केला जातो.’ तुमची बातमी दुसऱ्या वाक्याला लावा. ओटे नेमके त्याच मोहिमेचे, असं मात्र लिहू नका. मलाही तसंच वाटतं, पण ते छापलेलं दाखवावं लागेल.

आणि ओट्यांचा चांगला फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाला लागणाऱ्या फोटोंच्या मुक्त भांडारात, चढवा, ते काम देवगडात बसून मला जमणारं नाही. फोटो स्वतः काढलेलाच टाका. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेला टाकलात तर तोही उडवतील, आणि मग पुन्हा इथे प्रश्न विचाराल.